कॅलिफोर्नियात सायकॉलॉजिस्टची पाटी कशी लावू?

ताई,

मी पुण्यात एम.ए. केलं आणि नंतर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेल्या संस्थेतून क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. त्यानंतर तीन वर्षं एका हॉस्पिटलच्या बाल मार्गदर्शन केंद्रात होते. मुलांच्या बुद्ध्यांक चाचण्या, लर्निंग डिसॅबिलिटीचं निदान, ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांशी बोलणं हे रोजचं काम, आणि मला ते जीव ओतून करावंसं वाटायचं. लग्न होऊन गेल्या वर्षी सॅन होजेला आले. नवरा नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर, मी जोडीदाराच्या एच-फोर व्हिसावर, वर्क परमिट अजून नाही.

डॅलसची मैत्रीण म्हणते की तिच्या ओळखीतल्या एकीला तिथे मास्टर्सवरच लायसन्स मिळालं. इथे विचारलं तर सगळे म्हणतात, पीएचडी लागेल. मग पुण्याच्या विद्यापीठातून पीएचडी करून आले तर चालेल का? मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत 'बाल मानसशास्त्रज्ञ' म्हणून छोटी जाहिरात दिली आहे, ती छापून आली तर काही अडचण? आणि पुण्याचे जुने पालक व्हिडिओ कॉलवर सल्ला मागतात, त्यांच्याकडून फी घेऊ का?

घरात सगळे सांगतात की डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स कर आणि मोकळी हो. मी ३१ वर्षांची आहे. पुन्हा पहिलीत बसायचं का?

— मुग्धा (नाव बदललं आहे), सॅन होजे

मुग्धा,

स्मरणिका छापायला जायच्या आत ती जाहिरात मागे घे. बाकी सगळं सावकाश बोलू, पण हे आजच कर. कॅलिफोर्नियात लायसन्स नसताना सायकॉलॉजीची प्रॅक्टिस करणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे. इथला कायदा 'सायकॉलॉजिस्ट' या एका शब्दावर थांबत नाही. सायकॉलॉजी, सायकॉलॉजिकल, सायकोथेरपी, सायकोमेट्री अशा शब्दांनी लोकांपुढे स्वतःची ओळख करून देणंही त्यात येतं. जाहिरात मराठीत आहे किंवा मंडळापुरती आहे म्हणून सुटका होत नाही. शिवाय वर्क परमिट नसताना फी घेणं हा इमिग्रेशनच्या कायद्याचा स्वतंत्र भंग आहे, आणि त्याची झळ पुढे तुझ्या स्वतःच्या ग्रीन कार्डच्या अर्जापर्यंत पोचू शकते.

तुझा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. सॅन होजे, फ्रीमाँट, सनीव्हेल या पट्ट्यात मराठी बोलणारे कितीतरी पालक आहेत. मुलगा उशिरा बोलायला लागला, घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी, शिक्षिका म्हणते तपासून घ्या, आणि कोणाला विचारावं ते कळत नाही, अशा घरांना तुझ्यासारखी माणसं हवी आहेत. पण त्या आईच्या बाजूनेही बघ. मंडळात ओळख झालेली बाई खरोखर शिकलेली आहे की चार व्हिडिओ बघून बोलते, हे तिने कसं ओळखायचं? लायसन्स असलं की ती राज्याच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहू शकते: लायसन्स चालू आहे का, त्या व्यक्तीवर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का. काही बिनसलं तर तक्रार करायला तिच्याकडे एक जागा असते. मला ही व्यवस्था जाचक वाटत नाही. मुलाचं निदान चुकलं तर त्याची दोन-तीन वर्षं वाया जातात, आणि ती कोणी भरून देत नाही.

आता तुझ्या डॅलसच्या मैत्रिणीकडे वळू. ती खरंच सांगते आहे.

आपल्याकडे आरसीआयचं एकच केंद्रीय रजिस्टर आहे. १९९२ च्या कायद्याने ते सुरू झालं, आणि त्यात नाव आलं की तू पुण्यात बस नाहीतर पाटण्यात. अमेरिकेत तसं देशपातळीवरचं लायसन्स नाहीच. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि बोर्डही वेगळं. १९४५ मध्ये कनेक्टिकटने सायकॉलॉजिस्टसाठी पहिला कायदा केला आणि सगळ्यात शेवटी, १९७७ मध्ये, मिसुरीने. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत ज्या राज्याला जे पटलं ते त्याने लिहिलं, म्हणून आजही नियमांत इतका फरक दिसतो. टेक्सासमध्ये मास्टर्स झालेल्यांसाठी 'लायसन्स्ड सायकॉलॉजिकल असोसिएट' असं लायसन्स आहे, आणि ठरावीक तास देखरेखीखाली काम केल्यावर त्यांना स्वतंत्रपणेही काम करता येतं. त्यांना 'सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घेता येत नाही, पण काम खरं आहे आणि मानाचंही. व्हरमाँट आणि वेस्ट व्हर्जिनिया आणखी पुढे जातात. तिथे मास्टर्सच्या पातळीवर सायकॉलॉजिस्टचं लायसन्स मिळू शकतं. कॅलिफोर्निया या सगळ्यांच्या दुसऱ्या टोकाला आहे. इथे सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर डॉक्टरेट हवीच. तुझं एम.फिल. कितीही कसून झालेलं असलं तरी त्यावर कॅलिफोर्नियाचं बोर्ड ऑफ सायकॉलॉजी तुझा अर्ज विचारात घेणार नाही.

तुम्ही टेक्सासला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. पण तिथलं असोसिएटचं लायसन्स उद्या नवऱ्याच्या बदलीबरोबर सोबत नेता येणार नाही, हे मनात असू दे. 'सायपॅक्ट' नावाचा एक आंतरराज्य करार आहे. चाळीसहून जास्त राज्यं त्यात आहेत, आणि एका राज्यात लायसन्स असलेल्याला दुसऱ्या सदस्य राज्यातल्या माणसाला ऑनलाइन सेवा देता येते. मात्र तो डॉक्टरेट झालेल्या सायकॉलॉजिस्टसाठी आहे आणि कॅलिफोर्निया त्यात नाही.

मग कॅलिफोर्नियाचा रस्ता आहे तरी कसा? आधी डॉक्टरेट: पीएचडी, सायडी किंवा शिक्षणशास्त्रातली ईडीडी. पीएचडीत संशोधनावर भर असतो. सायडी ही पदवी मुख्यतः प्रत्यक्ष प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी आहे. त्यानंतर देखरेखीखालच्या कामाचे ३,००० तास. त्यातले निदान १,५०० तास डॉक्टरेट मिळाल्यानंतरचे असावे लागतात. मग दोन परीक्षा. एक 'ई-ट्रिपल-पी', जी देशभर सगळी राज्यं घेतात, आणि दुसरी फक्त कॅलिफोर्नियाचा कायदा आणि व्यावसायिक नीती यांवरची. बोटांच्या ठशांवरून पार्श्वभूमी तपासली जाते. बालशोषण, जोडीदाराकडून होणारा हिंसाचार, व्यसनाधीनता, वार्धक्य, मानवी लैंगिकता आणि आत्महत्येच्या धोक्याचं मूल्यमापन या विषयांचं प्रशिक्षणही झालेलं असावं लागतं.

लोक परीक्षेला घाबरतात. माझ्या अनुभवात माणसं अडकतात ती तासांवर.

ई-ट्रिपल-पी मध्ये २२५ बहुपर्यायी प्रश्न असतात, वेळ सव्वाचार तास. त्यातले १७५ प्रश्नच गुणांत धरले जातात, बाकीचे पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघितले जातात, आणि कोणते कुठले ते तुला कळत नाही. गुण २०० ते ८०० च्या मोजपट्टीवर देतात आणि स्वतंत्र प्रॅक्टिससाठी ५०० लागतात. मेंदूच्या जैविक बाजूपासून संशोधनपद्धतींपर्यंत आठ विभाग आहेत. आपल्याकडची एम.ए. आणि एम.फिल. करून आलेली मुलगी ही परीक्षा चांगली देते, हे मी पाहिलं आहे. पाठांतराची सवय असते आणि वाचनाचा कंटाळा नसतो.

तासांचं तसं नाही. आठवड्याला ४४ तासांच्या वर मोजले जात नाहीत. जितके तास काम, त्याच्या किमान १० टक्के देखरेख त्याच आठवड्यात झाली पाहिजे, आणि त्यात एक तास तरी सुपरवायझरने फक्त तुझ्याबरोबर बसून घालवला पाहिजे. सुपरवायझरचं स्वतःचं लायसन्स चालू आणि स्वच्छ हवं. काम सुरू होण्याआधी करार कागदावर हवा, आणि आठवड्यागणिक नोंद हवी. यातला एक दुवा निसटला की महिन्यांचे तास बोर्ड धरत नाही. सुपरवायझर अर्ध्यातून नोकरी सोडून गेला आणि सह्या राहिल्या, म्हणून पुन्हा सुरुवात करावी लागलेली माणसं मी पाहिली आहेत. पुण्यातले तुझे एम.फिल.चे आणि हॉस्पिटलचे तास इथे धरले जातील या आशेवर काही ठरवू नकोस. डॉक्टरेटच्या आधीचे तास मोजायचे नियम डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमाला धरून लिहिलेले आहेत.

कायद्याच्या परीक्षेकडे परदेशातून आलेले लोक बरेचदा दुर्लक्ष करतात, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहिते. १९६९ मध्ये बर्कलीत शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातल्या सायकॉलॉजिस्टला सांगितलं की आपण एका मुलीला मारणार आहोत. सायकॉलॉजिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेतलं, त्याचं डोकं ठिकाणावर वाटलं, सोडून दिलं. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणीच सावध केलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्याने तिचा, तातियाना तारासॉफचा, खून केला. तिच्या आईवडिलांनी दावा लावला, आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: आपला पेशंट दुसऱ्या कोणाला गंभीर इजा करणार असं थेरपिस्टच्या लक्षात आलं किंवा यायला हवं होतं, तर त्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी योग्य ती पावलं उचलणं हे त्याचं कर्तव्य आहे. गुप्ततेबद्दल आपण जे शिकतो त्याची मर्यादा त्या निकालाने ठरली, आणि अमेरिकेतल्या इतर राज्यांनीही पुढे आपापल्या पद्धतीने ती आखून घेतली. म्हणून परीक्षेत प्रश्न येतो तो असा: पेशंट अमुक वाक्य बोलला, तू आता फोन कोणाला करशील? मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर ताबडतोब फोन करायचा आणि ३६ तासांत लेखी अहवाल द्यायचा, हाही इथला कायदा. पोक्सोमुळे कळवण्याची जबाबदारी तुला माहीत आहे, पण इथली मुदत, इथलं कार्यालय आणि इथला फॉर्म वेगळा. तो तुला झोपेतसुद्धा आठवायला हवा.

पुण्याच्या पीएचडीबद्दल. कॅलिफोर्नियाचा कायदा परदेशी डॉक्टरेटला दार बंद करत नाही. पदवीचं मूल्यांकन 'नेसेस' या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून करून घ्यायचं आणि ती इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या सायकॉलॉजीतल्या डॉक्टरेटशी समकक्ष आहे हे बोर्डाला पटवायचं. म्हणजे कागदावर हे शक्य आहे. तरीही मी तुला हा रस्ता सुचवणार नाही. आपल्याकडची पीएचडी बहुतेक ठिकाणी संशोधनाची पदवी असते: थोडा कोर्सवर्क, मग प्रबंध. तिच्या आत इंटर्नशिप नसते. समकक्षता मिळाली तरी ३,००० तास उरतातच, आणि इथे एकही वर्ष न शिकलेल्या माणसाला सुपरवायझर आणि जागा मिळणं फार अवघड जातं. इतर कित्येक राज्यं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेला कार्यक्रम किंवा त्याच्या तोडीचं शिक्षण मागतात, म्हणजे उद्या राज्य बदललं की पुन्हा प्रश्न. आणि तू नवऱ्यापासून लांब पुण्यात राहून चार-पाच वर्षं काढणार, ती या अनिश्चिततेसाठी? माझं मत नाही असंच आहे.

पण मुग्धा, तुझं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली. तू सायकॉलॉजिस्ट कसं व्हायचं हे विचारतेस, आणि जिव्हाळ्याने लिहितेस ते मात्र एकाच कामाबद्दल: मुलांना तपासणं, त्यांना शिकताना कुठे अडतं ते शोधणं, आणि ते आईवडिलांना समजावणं. तुला हेच काम करायचं असेल तर तुझा रस्ता त्यावरून ठरव, पाटीवरच्या शब्दावरून नको.

हे अशासाठी म्हणते की तुला कोणीतरी लवकरच 'एलपीसीसी कर' किंवा 'एलएमएफटी कर' असं सुचवेल. ही कॅलिफोर्नियातली मास्टर्सच्या पातळीवरची समुपदेशक आणि विवाह-कुटुंब थेरपिस्टची लायसन्सं. ती 'बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस' या वेगळ्या बोर्डाकडे असतात. त्यांनाही ३,००० तास लागतात, पण डॉक्टरेट लागत नाही. ज्याला थेरपी करायची आहे त्याच्यासाठी हा उत्तम रस्ता आहे, आणि मी तो अनेकांना सुचवते. तुझ्या बाबतीत मात्र एक मोठी अडचण आहे. एलपीसीसीच्या कायद्यातच लिहिलं आहे की एकेका व्यक्तीवर घेतल्या जाणाऱ्या बुद्धिमत्ता चाचण्या, न्यूरोसायकॉलॉजीच्या चाचण्या आणि व्यक्तिमत्त्वाच्या प्रक्षेपण चाचण्या या लायसन्सच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे काही वर्षं खर्चून तू लायसन्स मिळवशील, आणि ज्या कामासाठी जीव तुटतो तेच करता येणार नाही.

मग दोन रस्ते उरतात, आणि त्यातला एक तुला बहुधा कोणी सांगितलेला नाही.

इथल्या सरकारी शाळांमध्ये मुलांचं मूल्यमापन करतो तो स्कूल सायकॉलॉजिस्ट. त्याला बोर्ड ऑफ सायकॉलॉजीचं लायसन्स लागत नाही, कारण शाळेत नेमलेल्यांना त्या कायद्यातून सूट आहे. त्याला लागतं ते शिक्षकांच्या प्रमाणपत्रांचं काम बघणाऱ्या राज्याच्या आयोगाकडून मिळणारं, स्कूल सायकॉलॉजीचं 'प्युपिल पर्सोनेल सर्व्हिसेस' क्रेडेन्शियल. अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांचा, मास्टर्स किंवा स्पेशालिस्टच्या पातळीचा, आणि त्यातच शाळेतली १,२०० तासांची इंटर्नशिप. बुद्धिमत्ता चाचण्या, वाचन-गणिताच्या चाचण्या, ऑटिझमचं मूल्यमापन, पालकांबरोबरची आयईपीची (मुलासाठीच्या वैयक्तिक शिक्षण योजनेची) बैठक, म्हणजे तू पत्रात लिहिलेलं जवळजवळ सगळं काम इथे आहे. पुढे काही वर्षं शाळेत काम केल्यावर 'लायसन्स्ड एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट' या लायसन्सला अर्ज करता येतो. तेही बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेसचंच. परीक्षा असते, पण डॉक्टरेट लागत नाही. ते मिळालं की मुलांच्या शैक्षणिक मूल्यमापनाची स्वतःची खाजगी प्रॅक्टिस करता येते. मानसिक आजारांवरची थेरपी त्यात बसत नाही, आणि ही मर्यादा तुला आधी माहीत असायला हवी. पण फ्रीमाँटच्या त्या आईला आज हवी असलेली मदत तू तिला कायदेशीरपणे, आपल्या नावाने आणि मराठीतून देऊ शकशील.

या कामाला कॅलिफोर्नियात एक इतिहास आहे. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टाने 'लॅरी पी.' खटल्यात निकाल दिला. बुद्ध्यांक चाचण्यांच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना मंदबुद्धींच्या वर्गात घालणं त्या निकालाने थांबवलं, कारण त्या वर्गांत अशा मुलांचं प्रमाण अवाजवी जास्त होतं. इथल्या शाळांतले सायकॉलॉजिस्ट चाचणी हातात घेताना आजही तो निकाल लक्षात ठेवतात. बिने-कामत चाचणी मूळ परक्या चाचणीवरून कन्नड आणि मराठी मुलांसाठी का नव्याने बेतावी लागली हे तू शिकली आहेस, त्यामुळे हा वाद तुला नवा वाटणार नाही. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचा इंग्रजी शब्दसंग्रह कमी आला तर त्याचा अर्थ काय लावायचा, यावर तुझ्या वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा तुझ्याकडे सांगण्यासारखं जास्त असेल.

दुसरा रस्ता डॉक्टरेटचा. हॉस्पिटलात काम, गुंतागुंतीचं निदान, न्यूरोसायकॉलॉजी, चाचणी आणि थेरपी दोन्ही हवं असेल तर हाच. चांगल्या पीएचडी कार्यक्रमात फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं, पण दरवर्षी मोजकेच विद्यार्थी घेतात, आणि कोणाच्या हाताखाली कोणतं संशोधन करणार यावर प्रवेश ठरतो. पाच ते सात वर्षं धर. सायडीला प्रवेश तुलनेने सोपा, पण बहुतेक ठिकाणी फी स्वतः भरायची, आणि तो कर्जाचा डोंगर असतो. कर्ज काढून सायडी करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारते: त्या कार्यक्रमाला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता आहे का, आणि त्यांच्या किती विद्यार्थ्यांना मान्यताप्राप्त इंटर्नशिप मिळते? हे आकडे कार्यक्रमांना जाहीर करावे लागतात. ते बघितल्याशिवाय एक डॉलर भरू नकोस. इंटर्नशिपची जागा देशभराच्या 'मॅच'मधून, म्हणजे दोन्हीकडच्या पसंतीक्रमांच्या जुळणीतून ठरते, म्हणजे वर्षभरासाठी घर सोडून जावं लागू शकतं. आणि या इंटर्नशिपचा मोठा वाटा उचलणारी माजी सैनिकांची सरकारी हॉस्पिटलं अमेरिकन नागरिकांनाच घेतात.

व्हिसाबद्दल इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलशीलच, पण काही गोष्टी आधीच सांगते. एच-फोरवर पूर्णवेळ शिकता येतं, त्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. इथे वर्षभरापेक्षा जास्त राहिल्यावर एच-फोरवाल्यांना राज्याच्या विद्यापीठांत रहिवाशांची फी लागू होऊ शकते. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर ती सहसा होत नाही, आणि फरक मोठा असतो. याउलट पीएचडीचं विद्यावेतन हे बहुतेकदा शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा मोबदला असतं, तो वर्क परमिट नसलेल्या एच-फोरवर घेता येत नाही; तिथे एफ-वन बरा पडतो. म्हणजे स्कूल सायकॉलॉजीसाठी आहे तोच व्हिसा सोयीचा, आणि पीएचडीसाठी बदललेला. इंटर्नशिपला पैसे मिळणार असतील तर वर्क परमिटचा प्रश्न दोन्हीकडे येतो. २०१५ च्या नियमानुसार एच-फोरवाल्यांना वर्क परमिट मिळतं ते जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर झाल्यावर. म्हणून तुझ्या करिअरच्या दृष्टीने आत्ताचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न नवऱ्याने त्याच्या कंपनीत विचारायचा आहे: ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू करता? तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपेपर्यंत आय-१४० हातात असेल असं नियोजन करता येतं, पण त्यासाठी सुरुवात आज व्हायला हवी. आणि लक्षात ठेव, लायसन्स किंवा क्रेडेन्शियल मिळालं म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं होत नाही. ते दोन वेगळे कागद आहेत.

पुण्याच्या पालकांकडून फी घेऊ नकोस, आणि फी न घेताही नियमित सत्रं चालवू नकोस. पालक पुण्यात असले तरी तू कॅलिफोर्नियात बसून काम करते आहेस. पैसे पुण्याच्या खात्यात जमा झाले म्हणून वकिलाला ते काम भारतात झालं असं म्हणता येईलच असं नाही. शिवाय त्या मुलाला काही झालं, तर तू घड्याळाच्या साडेबारा-साडेतेरा तासांच्या अंतरावर आहेस. त्यांना तुझ्या जुन्या केंद्रातल्या सहकाऱ्याचं नाव दे, केस नीट समजावून सांग, आणि त्यांच्या हाती सोपव. तुला वाईट वाटेल. पालकांनाही वाटेल.

हात रिकामे वाटत असतील तर मंडळात पालकांसाठी मुलांच्या वाढीवर मोफत गप्पांचा कार्यक्रम ठेव. पदवी मिरवायची नाही, एकेकट्याला सल्ला किंवा चाचणी नाही. ज्यांना गरज आहे त्यांना बालरोगतज्ज्ञाकडे, शाळेकडे किंवा लायसन्स असलेल्या माणसाकडे पाठवायचं. मूल सरकारी शाळेत असेल तर पालक लेखी मागणी करून शाळेकडून मोफत मूल्यमापन मागू शकतात. आपल्या कित्येक घरांना हे माहीतच नसतं, आणि हे सांगायला लायसन्स लागत नाही. आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनवर किंवा संकटात मेसेजवरून आधार देणाऱ्या सेवेत विनावेतन स्वयंसेवक म्हणून जाता येतं. तिथलं प्रशिक्षण पुढे प्रवेशअर्जातही कामी येतं.

राहिलं डेटा अ‍ॅनालिटिक्स. घरात पैशांची खरंच निकड असेल तर तो कोर्स कर, त्यात कमीपणा नाही. पण तुझ्या पत्रात निकड दिसत नाही. दिसते ती आजूबाजूच्यांची घाई. तीन वर्षांनी तू ३४ ची होशीलच, मग हातात क्रेडेन्शियल असो वा नसो. 'पहिलीत बसणं' हे मला मान्य नाही. त्या वर्गात तुझ्याबरोबर बावीस-तेवीस वर्षांची मुलं असतील, ज्यांनी अजून एकाही रडणाऱ्या आईला निदान सांगितलेलं नाही. तू ते शेकड्यांनी केलं आहेस. नवऱ्याला हे पत्र वाचायला दे, आणि व्हिसाचा परिच्छेद दोघांनी बसून पुन्हा वाचा.

पुण्याला जाशील तेव्हा कागदपत्रं गोळा कर, कारण ती इथून मागवणं फार कठीण जातं. विद्यापीठाकडून बंद पाकिटातली गुणपत्रकं, एम.ए. आणि एम.फिल.चा विषयवार अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह, आणि एम.फिल.ची लॉगबुक. तुझ्या मार्गदर्शकांकडून लेटरहेडवर पत्र घे: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती तास, कोणत्या चाचण्या, किती वयाची मुलं, त्यांचा आरसीआय क्रमांक आणि सही. ते निवृत्त व्हायच्या किंवा संस्था बदलायच्या आत घे. आणि आरसीआयचं नूतनीकरण पाच वर्षांनी येतं, त्याचे सीआरई (सतत शिक्षणाचे) गुण भरत राहा. ऑनलाइन कार्यक्रमांतूनही ते मिळतात. ते रजिस्ट्रेशन लॅप्स होऊ देऊ नकोस.

— तुझी ताई